अहवाल आणि बायोप्सी यांमधील दिवस: क्ष-किरणतज्ज्ञांस व निदान केंद्रांस खुले पत्र

प्रति,
महाराष्ट्रातील क्ष-किरणतज्ज्ञ, विकृतिशास्त्रज्ञ आणि निदान केंद्रांचे व रुग्णालयांचे व्यवस्थापक यांस,



स्तनाच्या मॅमोग्राफीत किंवा सोनोग्राफीत संशयास्पद असे काही आढळले, की त्याचा निकाल सुईने काढलेल्या तुकड्याच्या सूक्ष्मदर्शकीय तपासणीवाचून, म्हणजेच बायोप्सीवाचून, लागत नाही, ही वैद्यकशास्त्राची मर्यादा आहे आणि तिच्याबद्दल आपल्यापैकी कोणाला दोष देण्याचे कारण नाही. तक्रार आहे ती या मर्यादेच्या आडोशाला वाढलेल्या दुसऱ्या एका अनिश्चिततेबद्दल, जी शास्त्रातून येत नाही, तर काउंटरवरच्या मौनातून, कोणीही उलगडून न सांगितलेल्या आकड्यांतून, ‘तुमच्या डॉक्टरांना दाखवा’ या ठरीव वाक्यातून आणि निकाल नेमका कधी, कोणाकडून, कोणाला कळणार हे न ठरवण्यातून येते. पहिली अनिश्चितता सोसावीच लागते. दुसरी टाळता येते, आणि ती टाळणे बव्हंशी आपल्या हातात आहे, म्हणून हे पत्र शल्यचिकित्सकांच्या किंवा कर्करोगतज्ज्ञांच्या आधी आपल्याला लिहिले आहे.

प्रश्न थोड्या जणींचा नाही. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेच्या अंदाजाप्रमाणे २०२२ या एका वर्षात भारतात सुमारे १ लाख ९२ हजार स्त्रियांना स्तनाच्या कर्करोगाचे निदान झाले. यांतील प्रत्येकीने निदानाआधीचे काही दिवस किंवा आठवडे वाट पाहण्यात घालवले असणार; परंतु ज्यांची गाठ अखेर निरुपद्रवी ठरली त्या या आकड्यात नाहीत, त्यांची नोंद कर्करोगाच्या कोणत्याही नोंदवहीत होत नाही, आणि तरीही वाट पाहण्याचे दिवस त्यांनीही तितक्याच धास्तीने काढलेले असतात. येथून पुढे वाट पाहणाऱ्या स्त्रियांची संख्या वाढतच जाणार आहे. केंद्र सरकारच्या २०१६च्या आराखड्यानुसार ३० ते ६५ वयोगटातील स्त्रियांची स्तन-तपासणी दर पाच वर्षांनी प्रशिक्षित कर्मचाऱ्यांच्या हातून व्हावी, अशी अपेक्षा आहे. टाटा स्मारक रुग्णालयाने १९९८ पासून मुंबईतील वस्त्यांमध्ये सुमारे दीड लाख स्त्रियांच्या सहभागाने चालवलेल्या अभ्यासाचे निष्कर्ष २०२१ साली प्रसिद्ध झाले, तेव्हा अशा हाताने केलेल्या नियमित तपासणीमुळे रोग सुरुवातीच्या अवस्थेत सापडतो आणि पन्नाशीपुढील स्त्रियांत स्तनाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू जवळपास ३० टक्क्यांनी घटतात, असे दिसून आले. तपासणी वाढली, की संशय वाढणार, आणि संशय घेऊन येणारी प्रत्येक स्त्री प्रथम आपल्या दारात उभी राहणार, हे उघड आहे.

अहवालाच्या तळाशी येणाऱ्या ‘बाय-रॅड्स’ या आकड्यापासून आरंभ करणे योग्य होईल, कारण घरी पोचते ते बहुतेक वेळा एवढेच. ही वर्गवारी अमेरिकन कॉलेज ऑफ रेडिऑलॉजी या संस्थेने १९९३ साली प्रथम प्रसिद्ध केली व पुढील आवृत्त्यांतून सुधारत नेली. एका तज्ज्ञाने लिहिलेले दुसऱ्या डॉक्टरला निःसंदिग्धपणे कळावे आणि पुढे काय करायचे हेही त्या आकड्यातच यावे, हा तिचा मूळ हेतू असून तो डॉक्टरांपुरता उत्तम साधला आहे. रुग्णाच्या हाती मात्र हाच आकडा पडला, की त्याचे अर्थ उलटेपालटे होतात. शून्य या वर्गाचा अर्थ ‘तपासणी अपुरी आहे, आणखी चित्रे किंवा सोनोग्राफी हवी’ असा असताना ‘शून्य आले, म्हणजे काही नाही’ असे समजून फाइल कपाटात जाते. आणि चार या वर्गाचा अर्थ ‘संशय आहे, तुकडा तपासावा’ एवढाच असताना घरात ‘चौथी स्टेज निघाली’ अशी बातमी पसरते. स्टेज, म्हणजे रोगाची अवस्था, ही कर्करोग सिद्ध झाल्यानंतर गाठीचा आकार, काखेतील लसिकाग्रंथी आणि शरीरात अन्यत्र झालेला प्रसार यांवरून ठरते. बाय-रॅड्सचा आकडा केवळ संशयाची मात्रा सांगतो. दोन अगदी निराळ्या मोजपट्ट्यांवर योगायोगाने तोच आकडा यावा आणि हा फरक सांगायला दारात कोणीच नसावे, यामुळे कित्येक घरांत निदानाच्या आधीच सुतक आल्यासारखे होते.

शिवाय ‘चार’ हा वर्ग फार ऐसपैस आहे. त्यात दोन टक्क्यांहून थोड्या अधिक शक्यतेपासून पंचाण्णव टक्क्यांच्या अलीकडपर्यंत सर्व काही सामावते, आणि म्हणूनच त्याचे तीन पोटवर्ग केले गेले: ‘४-ए’मध्ये कर्करोगाची शक्यता दोन ते दहा टक्के, ‘४-बी’मध्ये दहा ते पन्नास आणि ‘४-सी’मध्ये पन्नास ते पंचाण्णव. ‘४-ए’ लिहिलेल्या शंभर स्त्रियांपैकी किमान नव्वद जणींना कर्करोग नसतो. ‘४-सी’ लिहिलेल्या शंभरांपैकी निम्म्याहून अधिक जणींना तो असतो. या दोघींची वाट पाहणे एकसारखे नाही, दोघींनी करायची तयारी एकसारखी नाही, आणि तरीही कित्येक अहवालांत पोटवर्ग न लिहिता नुसते ‘४’ लिहून मोकळे होण्याची सवय टिकून आहे. हा आळस म्हणावा, की पुढे काही निघाल्यास बोल लागू नये म्हणून घेतलेली सावधगिरी, हे आपणच ठरवावे. अहवाल हाती पडलेल्या स्त्रीच्या दृष्टीने परिणाम एकच होतो.

तीन या वर्गाची कथा आणखी वेगळी आहे. ‘बहुधा निरुपद्रवी’ असा त्याचा अर्थ असून कर्करोगाची शक्यता दोन टक्के किंवा त्याहून कमी असते, आणि म्हणून सुई न लावता सहा महिन्यांनी, मग वर्षाने, मग दोन वर्षांनी पुन्हा पाहून गाठ बदलत नाही ना, याची खात्री करून घेतली जाते. या योजनेमागे शुद्ध तर्क आहे. परंतु तो तर्क सांगितला जात नाही, सांगितले जाते ते फक्त ‘सहा महिन्यांनी या’. ऐकणारीला त्यातून दोनच अर्थ लागतात: एक तर काही विशेष नाही, मग सहा महिन्यांनी तरी कशाला यायचे, नाही तर काही तरी आहे आणि डॉक्टर ते वाढण्याची वाट पाहत आहेत. पहिला अर्थ घेणारी पुन्हा येत नाही, दुसरा घेणारी दहा ठिकाणी फिरून कोणाकडून तरी गाठ कापून घेते, आणि दोघींच्या बाबतीत योजना मोडते.

आता तपासणीच्या खोलीकडे वळावे. अमेरिकेत किंवा ब्रिटनमध्ये सोनोग्राफी पुष्कळदा तंत्रज्ञ करतो; आपल्याकडे मात्र सोनोग्राफीचा प्रोब सहसा क्ष-किरणतज्ज्ञाच्याच हातात असतो, आणि ही आपल्या व्यवस्थेची जमेची बाजू ठरू शकली असती. प्रत्यक्षात घडते ते असे, की अंधाऱ्या खोलीत जेल लावलेल्या स्तनावर फिरणारा हात एका जागी थबकतो, पुन्हा त्याच जागी येतो, किंचित दाबतो, कळफलकावर दोन-तीनदा टकटक होते, पडद्यावर ठिपक्यांची रेषा ओढली जाते, आणि मग शेजारी बसलेल्या लेखनिकाला इंग्रजीत मजकूर सांगितला जातो: उजवा स्तन, दहा वाजता, स्तनाग्रापासून चार सेंटिमीटर, चौदा बाय नऊ मिलिमीटर, हायपोएकोइक, कडा अनियमित. पाठीवर झोपलेली स्त्री हे सारे ऐकत असते. तिला ‘दहा वाजता’ म्हणजे स्तन हा घड्याळाची तबकडी मानून सांगितलेली जागा, उजव्या स्तनात वरची व काखेकडची, हे ठाऊक नसते. ‘हायपोएकोइक’ म्हणजे भोवतालच्या चरबीपेक्षा कमी प्रतिध्वनी परतवणारा व म्हणून पडद्यावर काळसर दिसणारा भाग, आणि तरुण मुलींत सर्रास आढळणारी फायब्रोअॅडिनोमाची निरुपद्रवी गाठही अशीच काळसर दिसते, हेही ठाऊक नसते. कडा अनियमित असणे हे अधिक संशयाचे लक्षण खरे. पण जुन्या माराने गोठलेली चरबी, ग्रॅन्युलोमॅटस मॅस्टायटिस नावाची कर्करोग नसलेली दाहक व्याधी, एवढेच काय, स्तनाचा क्षयरोगसुद्धा तसेच चित्र उभे करू शकतो. यातले काहीच तिला कळत नाही. कळतो तो थबकलेला हात. तिने ‘डॉक्टर, काही आहे का?’ असे विचारले, तर उत्तर मिळते, ‘रिपोर्टमध्ये येईल’.

या मौनामागची आपली कारणे अप्रामाणिक नाहीत, हे मान्य केले पाहिजे. रुग्णाला पाठवणाऱ्या डॉक्टरचा अधिकार ओलांडला असे होऊ नये, अर्धवट माहितीने घबराट पसरू नये, उद्या बायोप्सीत वेगळे निघाले तर शब्द अंगाशी येऊ नयेत, आणि बाहेर वीस जण रांगेत असताना एकीला अर्धा तास देता येत नाही, ही चारही कारणे समजण्याजोगी आहेत. मात्र गप्प राहिल्याने घबराट टळते, हे गृहीतक तपासून पाहिले, तर टिकत नाही. आजारपणातील अनिश्चिततेचा सिद्धान्त मांडणाऱ्या मेर्ल मिशेल या अमेरिकी परिचर्याशास्त्रज्ञ विदुषीने १९८८ साली असे प्रतिपादन केले, की जे घडत आहे त्याचा अर्थ लावण्यास पुरेशा खुणा रुग्णाला मिळत नाहीत तेव्हा अनिश्चितता उपजते, आणि विश्वासार्ह जाणकाराने दिलेली माहिती ही ती आवरण्याच्या प्रमुख साधनांपैकी एक आहे. खुणा मिळाल्या नाहीत, म्हणून मन अर्थ लावायचे थांबत नाही. ते मग मोबाइलवर, शेजारणीच्या नणंदेच्या हकिकतीत आणि डॉक्टरांच्या भुवईत अर्थ शोधते.

ही अनिश्चितता केवळ मनाची अवस्था असते असेही नाही. बोस्टनमधील एल्विरा लँग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बायोप्सी झालेल्या १२६ स्त्रियांच्या लाळेतील कॉर्टिसॉल या ताणाशी निगडित संप्रेरकाचे मापन करून २००९ साली असे दाखवले, की पाच दिवसांनंतरही ज्यांचा निकाल लागला नव्हता, त्यांच्या कॉर्टिसॉलचा दिवसभरातील चढउतार कर्करोगाचे निदान कळलेल्या स्त्रियांसारखाच बिघडलेला होता, आणि निरुपद्रवी निकाल कळलेल्यांपेक्षा तो स्पष्टपणे वेगळा होता. निकाल न कळणे हे शरीराला वाईट निकाल कळण्याइतकेच जड जाते, असा याचा सरळ अर्थ होतो. त्याच संशोधकांच्या २००६ सालच्या प्रयोगात बायोप्सीच्या वेळी नेहमीची वागणूक मिळालेल्या स्त्रियांची चिंता वाढत गेली, ज्यांच्याशी आस्थेने बोलले गेले त्यांची वाढली नाही, आणि ज्यांना शिथिलीकरणाचे स्वसंमोहन शिकवले गेले त्यांची कमी झाली. या साऱ्यासाठी वेळ किंवा खर्च लक्षणीय वाढला नाही. तेव्हा ‘बोलायला वेळ नाही’ या सबबीचा आधार फारसा भक्कम नाही.

अमेरिकेत १९९२च्या मॅमोग्राफी गुणवत्ता कायद्यात १९९८ साली दुरुस्ती होऊन, मॅमोग्राफी करणाऱ्या केंद्राने डॉक्टरला अहवाल पाठवावाच, पण त्याबरोबर रुग्णालाही सामान्य माणसाच्या भाषेतील लेखी सारांश थेट पाठवावा, असे बंधन घातले गेले. असा सारांश देण्याची पद्धत आपल्याकडे रुजलेली नाही, आणि ती रुजण्यासाठी कायद्याची वाट पाहण्याचे कारणही नाही. विनंती एवढीच, की तांत्रिक अहवाल आहे तसा इंग्रजीत राहावा, त्यातील अचूकतेला धक्का लागू नये, आणि त्याच्या जोडीला चार ओळी मराठीत छापाव्यात: या तपासणीत अमुक जागी गाठ किंवा बदल दिसला आहे, तो कर्करोगाचा असण्याची शक्यता साधारण इतकी आहे, हा अहवाल म्हणजे कर्करोगाचे निदान नव्हे, खात्रीसाठी पुढे अमुक तपासणी इतक्या दिवसांत करावी. कॅल्शियमचे सूक्ष्म कण दिसले असतील, तर आणखी एक ओळ घालावी, की या कणांचा आहारातील दुधाशी किंवा कॅल्शियमच्या गोळ्यांशी संबंध नाही. कारण अहवालात हा शब्द वाचून हाडांसाठी दिलेल्या गोळ्या परस्पर बंद करणाऱ्या स्त्रिया विरळ नाहीत.

अहवाल कोणाच्या हाती द्यायचा, याबद्दलही स्पष्ट बोलण्याची वेळ आली आहे. तपासणी तिची, शरीर तिचे, संमतिपत्रावरील सही तिची. परंतु लिफाफा देताना काउंटरवरून हाक जाते ती ‘पेशंटचे मिस्टर कोण?’ अशी. मग आत बोलावून नवऱ्याला किंवा मुलाला हलक्या आवाजात काही सांगितले जाते, घरी परतताना रिक्षात कोणी बोलत नाही, आणि ‘तिला एवढ्यात सांगू नका, खचेल’ असे ठरते. यामागे माया असते, दुष्टावा नसतो, हे खरे. तरीही जिच्या स्तनावर हात थबकला तिला काहीच कळलेले नाही, असे मानणे ही सर्वांनी मिळून केलेली स्वतःची समजूत आहे. महाराष्ट्राच्या शुश्रूषागृह नोंदणी नियमांत २०२१ साली रुग्णहक्कांची सनद समाविष्ट झाली आणि आपल्या आजाराविषयीची माहिती मिळण्याचा हक्क तीत रुग्णाचा मानला आहे. कोणाला सोबत घ्यायचे, किती ऐकायचे, आज ऐकायचे की उद्या, हे तिला विचारावे. ‘मला नको, यांनाच सांगा’ असे ती म्हणाली, तर तोही तिचाच निर्णय समजावा.

आता खुद्द बायोप्सीविषयी. येथे दोन प्रकारची माहिती लागते: काय होणार, आणि काय होणार नाही. काय होणार हे सांगणे सोपे आहे. त्वचा बधिर करणारे इंजेक्शन क्षणभर झोंबते. त्वचेवर काही मिलिमीटरचा छेद देऊन सुमारे दोन मिलिमीटर जाडीची, चौदा गेजची सुई सोनोग्राफीच्या पडद्यावर पाहत गाठीपर्यंत नेली जाते. स्प्रिंगच्या झटक्याने ती तुकडा कापून घेते आणि त्या वेळी स्टेपलरसारखा टक् असा आवाज होतो. असे चार-सहा तुकडे काढून झाल्यावर दहा-पंधरा मिनिटे जागा दाबून धरतात. दोन-चार दिवस काळे-निळे दिसते. या आवाजाची आधी कल्पना दिली, रिकाम्या सुईचा तो एकदा ऐकवला, तर ऐन वेळी दचकून हलणे टळते, हे आपल्यापैकी अनेकांना अनुभवाने ठाऊक आहे. मात्र ते करण्याचा शिरस्ता सर्वत्र नाही. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू आहेत का, हा प्रश्न टेबलावर झोपवल्यावर नव्हे, तर तारीख देतानाच विचारला जावा, म्हणजे विदर्भातून रात्रभर प्रवास करून आलेल्या स्त्रीला तसेच परत जावे लागणार नाही.

काय होणार नाही, हे सांगणे अधिक निकडीचे आहे, कारण ‘गाठीला सुई लावली की कॅन्सर पसरतो’ हा समज महाराष्ट्राच्या खेड्यात आणि शहरात सारखाच मुरलेला आहे आणि बायोप्सी लांबण्याचे ते एक मोठे कारण आहे. सुईच्या वाटेवर पेशी सांडल्याचे क्वचित नोंदले गेले आहे, पण त्यामुळे रुग्णांच्या जगण्यावर विपरीत परिणाम होतो असे दिसून आलेले नाही. उलट निदान व उपचार तीन महिन्यांहून अधिक लांबले, तर जगण्याची शक्यता घटते, हे १९९९ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या विस्तृत आढाव्याने दाखवले आहे. येथे दोन्ही गोष्टी एकाच दमात सांगितल्या पाहिजेत: आठ-दहा दिवस थांबल्याने सहसा काही बिघडत नाही, म्हणून रात्री जागून काढू नयेत, आणि महिनोन्‌महिने थांबल्याने बिघडते, म्हणून आधी आयुर्वेद, मग होमिओपॅथी, मग गावची जत्रा उरकून मग पाहू, असे करू नये. यातली एकच बाजू सांगितली, की एक तर घबराट होते किंवा चालढकल.

सुईच्या तपासणीला फाटा देऊन गाठ थेट कापून काढण्याची वृत्तीही अद्याप संपलेली नाही. ‘एकदाच काढून टाका, कटकट नको’ असे कुटुंब म्हणते आणि एखादा शल्यचिकित्सक तसे करतो; नंतर ती गाठ कर्करोगाची निघाली, तर कापलेल्या भागाच्या कडा रोगमुक्त आहेत की नाहीत हा प्रश्न उभा राहतो, पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागते, आणि आधी औषधे देऊन गाठ लहान करण्याची संधी हुकते. अहवालाच्या शेवटी ‘हिस्टोपॅथॉलॉजी सुचवली आहे’ असे मोघम लिहिण्याऐवजी ‘सोनोग्राफीच्या मार्गदर्शनाखाली कोअर नीडल बायोप्सी’ असे स्पष्ट लिहिण्याचा अधिकार आपल्याला आहे आणि तो आपण वापरावा.

तुकडे काढल्यावर ते फॉर्मालिनच्या बाटलीत पडतात, आणि येथे आपल्या व्यवस्थेचे एक खास दृश्य दिसते: बाटलीवर चिकटपट्टी लावून ती नातेवाइकाच्या हाती दिली जाते आणि ‘अमुक लॅबमध्ये नेऊन द्या’ असे सांगितले जाते. मग ती बाटली प्लास्टिकच्या पिशवीत, स्कूटरच्या हँडलला, शहराच्या दुसऱ्या टोकाला जाते. तुकडे फॉर्मालिनमध्ये किमान सहा व जास्तीत जास्त बहात्तर तास राहावेत, नाही तर ईआर, पीआर व हर-२ या उपचार ठरवणाऱ्या चाचण्यांवर विश्वास ठेवणे कठीण होते. म्हणून तुकडे कधी काढले याची वेळ बाटलीवर लिहिलेली असणे अत्यावश्यक आहे. आईच्या स्तनाचा तुकडा पिशवीत घेऊन सिग्नलला थांबलेल्या मुलाच्या मनाचे काय होते, हा शास्त्राचा प्रश्न नाही. पण नमुना पोचवणे हे केंद्राचे काम आहे, कुटुंबाचे नव्हे, एवढे म्हणायला शास्त्राचा आधार लागत नाही.

विकृतिशास्त्रज्ञांना वेगळी विनंती आहे. तुकड्यावर फॉर्मालिनचा परिणाम होऊ देणे, तो मेणाच्या ठोकळ्यात बसवणे, काही मायक्रॉन जाडीचे काप काढून रंगवणे आणि मग पाहणे, या क्रमाला दिवस लागतातच. संशय उरल्यास विशेष रंजनचाचण्या लागतात. हर-२चा निकाल ‘दोन अधिक’ असा अनिर्णित आल्यास ‘फिश’ ही पुढची चाचणी करावी लागते. बाहेर वाट पाहणारीला यातले काहीही ठाऊक नसल्याने ‘अजून दोन दिवस लागतील’ या वाक्याचा अर्थ ती ‘वाईट आहे म्हणून लांबवताहेत’ असाच लावते. ‘विशेष चाचणी चालू आहे, ती चांगल्या-वाईट दोन्ही निकालांत लागू शकते’ असा निरोप दूरध्वनीवरून देणे अशक्य नाही. तसेच बायोप्सीनेही प्रत्येक वेळी होय किंवा नाही असे उत्तर मिळत नाही, हे आधी सांगितलेले बरे: पेशींतील काही बदल ‘पुढे काय होईल ते अनिश्चित’ या गटात मोडतात आणि मोठा तुकडा काढावा लागतो, कधी सूक्ष्मदर्शक ‘निरुपद्रवी’ म्हणतो आणि प्रतिमा मात्र तसे म्हणत नाही, तेव्हा दोन तज्ज्ञांनी एकत्र बसून पुन्हा बायोप्सी सुचवणे हे चांगल्या कामाचे लक्षण असते. हे न सांगता दुसऱ्यांदा बोलावले, तर पहिल्या वेळी चूक झाली असे कुटुंब धरून चालते आणि केंद्र बदलते.

परळच्या रुग्णालयांत तपासणीसाठी मराठवाड्यातून, खानदेशातून, कोकणातून येणाऱ्या आणि दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेसारख्या ठिकाणी राहणाऱ्या कुटुंबांसाठी प्रत्येक ‘उद्या या’ म्हणजे एक मजुरी, एक मुक्काम आणि शेतातली एक खेप असते. सोनोग्राफी, बायोप्सीची संमती आणि रक्ताच्या चाचण्या एकाच दिवशी उरकणे मोठ्या केंद्रांना जमू शकते. लहान केंद्रांनी निदान निकालाची तारीख पक्की द्यावी आणि तो तयार नसेल तर आदल्या दिवशी फोन करून येऊ नका म्हणावे. इंग्लंडच्या आरोग्यसेवेने संशयित कर्करोगाच्या रुग्णाला अठ्ठावीस दिवसांत ‘आहे’ किंवा ‘नाही’ हे सांगण्याचे मानक स्वतःला घालून घेतले आहे. ते दरवेळी पाळले जाते असे नाही, पण निदान न पाळल्याचे मोजता येते. आपल्याकडे मोजण्यासाठी तारीखच नसते.

ऑक्टोबर आला, की रुग्णालयांच्या दर्शनी भिंती गुलाबी दिव्यांनी उजळतात, सवलतीच्या मॅमोग्राफीच्या जाहिराती लागतात आणि स्त्रियांनी न घाबरता पुढे यावे असे आवाहन होते. त्या पुढे येतात. त्यांच्यापैकी एकीच्या अहवालात ‘४-बी’ लिहिले, तर तिच्याशी कोण बोलणार, याची नेमणूक त्या जाहिरातीच्या खर्चातल्या एका छोट्या हिश्श्यात होऊ शकते. हे काम क्ष-किरणतज्ज्ञानेच करावे असा आग्रह नाही. नीट शिकवलेली परिचारिका किंवा समुपदेशक ते अधिक चांगले करील, फक्त तिला अहवाल वाचता आला पाहिजे आणि तिचे नाव व फोन नंबर लिफाफ्यावर छापलेला असला पाहिजे.

आपल्या अहवालाच्या छापील नमुन्यात पुढच्या वेळी बदल कराल, तेव्हा त्यात तीन रकाने वाढवावेत, ही विनंती: मराठीतील चार ओळींचा सारांश, पुढील तपासणीची किंवा निकालाची तारीख, आणि शंका विचारण्यासाठी एका व्यक्तीचे नाव व दूरध्वनी क्रमांक. यासाठी नवे यंत्र घ्यावे लागत नाही, आणि शासनाच्या परिपत्रकाचीही गरज नाही.



अहवाल हाती घेऊन बायोप्सीच्या तारखेची वाट पाहणाऱ्या स्त्रियांच्या वतीने